खडा तोच आहे

प्रिय बाळा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलेय. मी तोंड उघडलं की तुझं सुरू होतं, "आई, कामात आहे, थोडक्यात सांग." मला थोडक्यात सांगता येत नाही. वॉर्डात होते तेव्हाही येत नव्हतं. पेशंटचे नातेवाईक दारात अडवून विचारायचे, "सिस्टर, एका शब्दात सांगा, बरा होईल ना?" आणि मी त्यांना बाकावर बसवून पहिल्यापासून सगळं सांगत राहायचे. आज तुलाही बाकावर बसवलंय असं समज.

आधी इकडचं. लिफ्ट पुन्हा बंद पडलीय. दुरुस्तीला आलेल्या माणसानं दार उघडून आत टॉर्च मारला, मान हलवली, वरच्या काकूंकडे चहा घेतला आणि गेला तो गेलाच. तुझे बाबा असते तर शर्ट काढून स्वतः खाली उतरले असते. जिने चढून माझा गुडघा कुरकुरतोय, पण चालतंय. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना माझ्या घरातली धूळ स्पष्ट दिसायला लागलीय, आणि रोज खाली येऊन ती त्या मलाही दाखवतात. तुझी चौकशी करत होत्या. मी म्हटलं, मजेत आहे. दुसरं काय सांगणार?

आता अंगठीचं. त्या दिवशी तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज इतका मऊ होता की मला वाटलं, तुला ताप-बिप आहे की काय. म्हणालास, "आई, आमचं घटस्फोटाचं आता मिटत आलंय. मला भांडण नको. फक्त ती अंगठी तेवढी परत घरात यायला हवी. तुझ्या बांगड्या मोडून केलेली आहे. मी मागितली तर तिला वाटेल मी अडवून धरतोय. तू माग, तुला ती नाही म्हणणार नाही." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तू घर सोडून दुसऱ्या शहरात गेलास त्यानंतर पहिल्यांदाच तू माझ्या एखाद्या गोष्टीची आठवण काढली होतीस. मग फोन ठेवता ठेवता तू एक वाक्य हळूच पुढे सरकवलंस. "आणि घेण्याआधी एखाद्या चांगल्या दुकानात तपासून घे. हल्ली खडे बदलतात लोक." लोक म्हणालास. मी विचारलं, असं का म्हणतोस रे? तर, "मी काहीच म्हणत नाही. तू आपली तपासून घे."

त्या बांगड्यांचं तुला कितपत आठवतं, कोण जाणे. तुझ्या बाबांनी त्या एकेक करून केल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी माणूस घरी लोळतो. हे दुसऱ्यांच्या इमारतींच्या लिफ्टखाली ग्रीसमध्ये हात घालून बसायचे. एक बांगडी झाली की दुसरीचं सुरू. मी म्हणायचे, पुरे आता, मला काय राणी व्हायचंय? तर म्हणायचे, अडीनडीला पोराच्या उपयोगी पडतील. आणि पडल्या. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसलास. म्हणालास, "आई, तिच्या बोटात अस्सल हिरा घालायचाय. साधंसुधं काही नको. तुझ्याकडून आलाय असं मी सगळ्यांना सांगेन." बांगड्या मनगटातून निघेनात. हाडं रुंदावली होती, की त्या इतकी वर्षं तिथंच राहून हट्टी झाल्या होत्या, देव जाणे. तू साबण आणलास, माझा हात मांडीवर घेतलास आणि एकेक करून काढल्यास. शेवटची निघाली तेव्हा मनगट चोळत विचारलंस, "दुखलं का गं?" मी नाही म्हटलं. तेव्हा खरंच दुखलं नव्हतं.

आणि तू अंगठी दिलीस ती संध्याकाळ. सगळे आपल्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसले होते. तू दिवे घालवायला लावलेस आणि टॉर्चच्या उजेडात अंगठी फिरवलीस. भिंतीवर, छतावर, काकूंच्या पांढऱ्या केसांवर लाल, हिरवे, निळे ठिपके नाचायला लागले. सगळे वा वा करत होते. ती हात मागे घेत होती आणि तू तो पुन्हा पुढे ओढत होतास. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या मोकळ्या मनगटावर एक हिरवा ठिपका येऊन बसला, तो मी दुसऱ्या हातानं झाकून बघितला. इतकी खुळी होते मी.

तर मी तिला फोन केला. आधी काकूंच्या डोळ्यांचं बोलले, मग अंगठीचं नाव काढलं. ती म्हणाली, "आई, न्या ना. तुमचीच आहे ती. पण देण्याआधी आपण दोघी मिळून कुठंतरी तपासून घेऊ. उद्या कुणी काही बोलायला नको." बघ हं. तू जे मला आडून करायला सांगितलं होतंस, ते तिनं उघडपणे स्वतःच सुचवलं. माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजायला हवी होती. पण मी तुझी आई. मी मनात म्हटलं, चलाख आहे, आधीच बचाव करून ठेवतेय.

ती मला न्यायला आली ती ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीतूनच, टपावर पाटी, माझ्या पायाशी जादा ब्रेक. सकाळचे शिकाऊ आटोपून आली होती. तू गेल्यापासून बारीक झालीय, पण कपडे नीट, केस नीट, गाडीत कचऱ्याचा कण नाही. अंगठी बोटातच होती. मला म्हणाली, "काढायची राहून गेली असं नाही हं आई. शिकाऊ लोकांना सवय झालीय. मी हा हात वर केला की ते ब्रेक दाबतात. उघड्या हाताला कुणी दाद देत नाही." हसली. मीही हसले. रस्ताभर ती अंगठी स्टिअरिंगवर टकटक वाजत होती.

तू घेतलीस ते दुकान बंद झालंय, पावती सापडत नाही, असं तूच सांगितलं होतंस. म्हणून आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो, जिथं विकायच्या काउंटरपासून वेगळी, काचेची एक खोली आहे आणि आत खडे तपासणारी बाई बसते. तिची फी आधी भरायची, मग आत. साधारण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. एसीनं सर्दी झालेली, नाक लाल, अंगठ्याला पट्टी. सुनेनं अंगठी काढून तिच्या पुढ्यातल्या ट्रेमध्ये ठेवली. बाई ती उचलायला लागल्या तर मी म्हटलं, "थांबा. मला आधी खरा दाखवा. धडधाकट माणूस कसा असतो हे माहीत नसेल तर आजारी ओळखणार कसा?" बाईंनी माझ्याकडे बघितलं, नाक पुसलं आणि विचारलं, "हॉस्पिटलात होता का?" मग उठून त्यांनी कपाटातून एक सुटा हिरा आणला. घडी घातलेल्या पांढऱ्या कागदातून तो बाहेर पडला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. साखरेचा मोठा दाणा असावा तसा.

पण त्या सांगत गेल्या तशी मी खुर्ची पुढे ओढून बसले. तुला माहीत आहे, शिकवणारं कुणी भेटलं की मला उठवत नाही. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न विचारतं, केवढा आहे? कॅरेट म्हणजे निव्वळ वजन. वजनावरून माणसाची तब्येत कळते का? तसंच. सगळ्यात आधी बघायचा तो कट, पैलू कसे पाडलेत ते. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर, आपल्या डोळ्यांत यायला हवा. वजन वाचवायच्या लोभानं दगड खोल ठेवला तर उजेड खालून नाहीतर बाजूनं निसटतो, आणि मोठा हिरासुद्धा मधोमध काळपट, मेल्यासारखा दिसतो. मग रंग. दुकानातल्या दिव्यांखाली रंग बघायचाच नाही. ते दिवे हिरे विकण्यासाठी लावलेले असतात. खिडकीशी जायचं, पांढऱ्या कागदावर हिरा पालथा ठेवायचा आणि बाजूनं बघायचं. पिवळी झाक तिथं लपत नाही. त्यांनी मला खिडकीशी नेऊन दोन हिरे शेजारी ठेवून दाखवले. समोरून दोन्ही सारखे होते, पालथे घातल्यावर एकाला काविळीची सुरुवात झाल्यासारखी छटा. मी तसं म्हटलं तर बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग त्यांनी डोळ्याला लावायचं छोटं भिंग माझ्या हातात दिलं. आत काय दिसतं? मला एक बारीक रेघ दिसली, पिसासारखी, आणि एक काळा ठिपका. मी म्हटलं, हा तर डागाळलेला आहे. म्हणाल्या, बहुतेक सगळ्यांत काही ना काही असतंच. जमिनीच्या पोटात तयार झालाय तो. डाग केवढा, कुठं, वरून नुसत्या डोळ्यांना दिसतो का, त्यावर किंमत ठरते. पण कुणी तुमच्यापुढे आरशासारखा स्वच्छ, मोठा, पांढराशुभ्र दगड ठेवला आणि भाव बेताचा सांगितला, तर आनंद मानू नका, प्रश्न विचारा. आणि खरेदी करताना प्रमाणपत्रावरचा नंबर हिऱ्याच्या कडेवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा. लाजू नका. पैसे देताना कुणी लाजत नाही ना? सून हे सगळं माझ्या खांद्यावरून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं." मग जरा वेळानं म्हणाली, "मी दुकानात गेलेच नव्हते. त्यानं मला सरप्राइज दिलं होतं."

मग तिची अंगठी. बाईंनी आधी खड्यावर तोंडाची वाफ सोडली. शेजारच्या खऱ्या हिऱ्यावरची वाफ डोळ्यांदेखत उडाली. हिच्यावरची बसून राहिली. पेनासारखं एक यंत्र होतं, ते खऱ्याला टेकवलं की शिट्टी मारायचं. तिच्या खड्याला टेकवलं. गप्प. पुन्हा टेकवलं. गप्प. बाईंनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं, आणि आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "अमेरिकन डायमंड आहे. हिरा नाही."

सुनेचा चेहरा मी बघितला. इतकी वर्षं चेहरे बघण्याचीच नोकरी केलीय रे मी. रिपोर्ट सांगताना डॉक्टर कागदाकडे बघतात, नर्स चेहऱ्याकडे बघते. पकडला गेलेला माणूस आधी दाराकडे बघतो. ती अंगठीकडे बघत होती. नुसती बघत होती.

आणि आता जे सांगते ते नीट वाच. मी बाईंना विचारलं, "हा खडा बदललेला आहे का? आत्ता, महिन्या-दोन महिन्यांत?" विचारलं तेव्हा मला उत्तर काय हवं होतं, माहीत आहे? मला हो हवं होतं. माझ्या शेजारी उभी असलेली ती पोर, जी माझ्या गुडघ्याला त्रास नको म्हणून गाडी अगदी दुकानाच्या पायरीशी लावते, ती चोर निघावी असं मी मनापासून मागत होते. ती चोर निघाली असती तर मी सुटले असते. तुझी आई म्हणून सुटले असते.

बाईंनी अंगठी मायक्रोस्कोपखाली धरली आणि बाजूच्या पडद्यावर खडा टरबुजाएवढा झाला. म्हणाल्या, "हे बघा. खऱ्या हिऱ्याच्या पैलूंच्या कडा पात्यासारख्या असतात, आणि वापरून झिजत नाहीत. याच्या बघा, चघळलेल्या गोळीसारख्या गोल झाल्यात. हे ओरखडे बघा, सगळे एकाच बाजूला. हात सारखा कशावर तरी आपटतो का?" सून म्हणाली, "स्टिअरिंग." बाई म्हणाल्या, "मग हे एका महिन्याचं काम नाही. वर्षांचं आहे." मग त्यांनी खडा धरून ठेवणारी सोन्याची चारी टोकं दाखवली. खडा काढायचा तर ही टोकं उचकटावी लागतात आणि पुन्हा दाबावी लागतात, त्याची खूण राहतेच. ही टोकं खड्याबरोबरच झिजून पातळ झाली होती, गुळगुळीत, कुणी हात न लावलेली. आणि शेवटी त्यांनी अंगठी उलटी केली. खड्याच्या खाली साबण, क्रीम आणि धूळ यांचा थर दगडासारखा घट्ट बसला होता. एकावर एक, जुना. त्यांनी सुईनं टोकरलं तर सुई सरकेना. "खडा तोच आहे," बाई म्हणाल्या. "घडवली त्या दिवसापासून हाच आहे. याला कुणी हात लावलेला नाही."

मी म्हटलं, खात्री आहे? त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही नाडी बघून सांगायचात तेव्हा कुणी असं विचारायचं का?" विचारायचे. सगळेच विचारायचे. ज्यांना उत्तर आवडलेलं नसायचं ते सगळे.

सून तिथं फक्त एवढंच बोलली, "दुसऱ्याच वर्षी मला खडा मळकट वाटला होता. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, साबणानं हिऱ्याचं पाणी जातं, तू काळजी घेत नाहीस. तेव्हापासून मी भांडी घासताना काढून ठेवायचे. आणि मग कुठं ठेवलीस म्हणून तो ओरडायचा." बाईंनी फीची पावती दिली आणि आपला खरा हिरा पुन्हा कागदात गुंडाळला.

गाडीत बसलो. तिनं चावी लावली पण फिरवली नाही. समोरून लोक जात होते, पिशव्या घेऊन, पोरांना ओढत. तिनं विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?" बाळा, मला लोकांनी आयुष्यात पुष्कळ काही विचारलंय. मेलेल्या माणसाच्या बायकोनं विचारलंय, तुम्ही वेळेवर आला असतात तर? पण असं कापलं गेल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, नाही. ती "बरं" म्हणाली. तिनं विश्वास ठेवला की नाही, मला अजून कळलेलं नाही. माझ्या जागी तू असतास तर त्या एका प्रश्नानं तरी तुझी मान खाली गेली असती. पण तू तिथं नव्हतास. तू असा कधीच तिथं नसतोस.

मग तिनं मला सांगितलं, जे तू सांगितलं नव्हतंस. तडजोडीचा जो मसुदा तू पाठवलायस त्यात एक कलम आहे. अंगठी अस्सल हिऱ्यासकट परत करायची. नाहीतर त्या हिऱ्याची आजची किंमत फ्लॅटमधल्या तिच्या हिश्शातून वजा. ज्या फ्लॅटचे हप्ते तिनं दिवसभर परक्या माणसांच्या शेजारी बसून, ब्रेकवर पाय ठेवून भरले, त्या फ्लॅटमधून. तुला माहीत होतं की हिरा कधी नव्हताच. म्हणजे तू असं काही परत मागत होतास जे तू कधी दिलंच नव्हतंस, आणि ते मागायला मला पाठवलंस. तपासून घे म्हणालास, कारण तपासल्यावर काय निघणार ते तुला पाठ होतं. आणि माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, हेही. फक्त तुला असं वाटलं की ती बाई खरा की खोटा एवढंच सांगेल. झीज आणि मळ यांचा तू विचार केला नव्हतास. धुणीभांडी कधी केली असतीस तर केला असतास.

तिनं अंगठी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या, तुमची." मी हात मागे घेतला. तिनं ती पार्किंगच्या सुट्या नाण्यांत टाकली, गिअरच्या मागच्या खाचेत, आणि मला घरी सोडलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर माझ्यासाठी थांबत वर आली. पाणी प्यायली नाही. तिच्या शिकाऊची वेळ झाली होती.

पैसे कुठं गेले ते मी विचारत नाही. अंगठी केलीस त्याच महिन्यात तू ती काळी मोटरसायकल आणली होतीस आणि कंपनीनं बक्षीस दिलं म्हणाला होतास. मी तिच्या आरशाला फुलं अडकवली होती. मला राग कशाचा येतो सांगू? तू मोटरसायकलसाठी मागितल्या असत्यास तरी मी बांगड्या दिल्या असत्या. थोडी कुरकुर केली असती, बाबांचं नाव काढून दोन अश्रू गाळले असते, आणि साबण मीच आणला असता. हे तुला पक्कं माहीत होतं. तरीही तू खोटं बोललास. गरज नसताना बोललास. आणि मग त्या खोट्याला इतकी वर्षं तिच्या बोटात राहू दिलंस, दर दिवशी डोळ्यांनी बघितलंस, आणि निघायची वेळ आली तेव्हा तेच तिच्या गळ्यात अडकवायला काढलंस.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. वाटलं, निदान गप्प तरी बसशील. मी म्हटलं, खडा खोटा निघाला. आणि तू काय म्हणालास? "बघ! मी म्हटलं नव्हतं?" तुझ्या आवाजात आनंद होता रे. बोर्डाचा निकाल लागला तेव्हा होता तसला. मी झिजलेल्या कडांचं सांगायला लागले, खालच्या थराचं सांगायला लागले, तर तू म्हणालास, "आई, तुला काय कळतंय त्यातलं? ती तुला गुंडाळतेय." मी फोन ठेवला. तुला वाटलं, आईला पटलं.

आता हे सगळं कागदावर का उतरवलं ते सांगते. परवा तुझ्या वकिलांचा फोन आला. फार गोड बोलणारा माणूस. म्हणाले, तुमचं लेखी म्हणणं हवंय, तुमच्याच अक्षरात, तुमच्याच शब्दांत. बांगड्या हिऱ्यासाठी दिल्या, अंगठी सुनेच्या ताब्यात होती, तिच्यासमोर तपासली, खडा खोटा निघाला. एवढं लिहून सही करा, पुढचं आम्ही बघतो. पावती नाही, तेव्हा सगळी भिस्त तुमच्यावर आहे. मी म्हटलं, लिहिते. या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि चारही वर लिहिल्यात. त्यांच्या मधलं त्यांनी मागितलं नव्हतं, तेही लिहिलंय. इथपर्यंतच्या प्रत्येक पानाखाली मी सही केलीय. तुझ्या हातात आहे ती नक्कल. मूळ पानं आज सकाळी तिच्या वकीलबाईंच्या टेबलावर ठेवून आले. हा शेवटचा परिच्छेद तेवढा तिथं नाही, तो तुझ्यासाठी आहे. वकीलबाईंनी विचारलं, "हे कोर्टात मुलासमोर उभं राहून सांगाल? जमेल?" मी हो म्हटलं. तारीख पडली की तुला कळेलच. मी लवकर जाऊन मागच्या बाकावर बसेन. तू माझ्या शेजारी येऊन बसू नकोस. काम आटपल्यावर मात्र हॉटेलात जाऊ नकोस, घरी जेवायला ये. स्वयंपाक केलेला असेल. दार मी उघडेन. तुझ्याशी बोलता येईल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

तुझीच, त्याला इलाज नाही,
आई